पाचवीचं ऊन

दिपमालाचं पत्र संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं. सात पानं, निळी शाई, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ते मी कितीदा वाचलं असेल ते सांगता येणार नाही, पण उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो. एकदा ‘अनेक आशीर्वाद’ इथपर्यंत आलो आणि पेन ठेवलं. एकदा दीड पान झालं, ते फाडून चुलीत टाकलं.

एवढं महत्त्वाचं होतं तर तिने फोन का केला नाही, असं कुणीही विचारेल. त्याचं कारण तिनेच पहिल्या ओळीत दिलं होतं. ‘नाना, फोनवर तुम्ही फक्त हो हो म्हणता आणि तब्येतीला जप म्हणून ठेवून देता. म्हणून लिहिते आहे.’

ते खरंच आहे. मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण समोर फळा असला तरच मला बोलता येतं. मोठ्या माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. गावात मला चुडामण सर म्हणतात, शेजारीपाजारी नाना म्हणतात, आणि माझ्याकडून कुणी काही बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही. पुस्तकं वाचणारा निरुपद्रवी माणूस, एवढीच माझी ख्याती.

आमचं गाव दोंडाईच्यापासून आठ किलोमीटरवर आहे. माझ्या ओट्याला लागून कमलबाईचा ओटा. कमलबाईला तीन मुली, रूपा, दिपमाला आणि पुनम. नवरा लवकर गेला, तिने एकटीने तिघींना वाढवलं. तिच्याइतकी कष्टाळू बाई मी पाहिली नाही, आणि हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात तिला दोष देणं फार सोपं आहे.

सतरा वर्षांपूर्वी थोरली रूपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, त्याचं नाव भूषण. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाळंतिणीची खोली बंद झाली. खिडकीत गोणपाट कोंबलं, आत मिणमिणता दिवा. सोयर म्हणजे जन्माचा विटाळ. बारा दिवस बाहेरच्याने आत जायचं नाही, बाळाने बाहेर यायचं नाही. बारशापर्यंत बाळाला नवं कापडही घालत नाहीत. कमलबाईची सासू पंचाण्णव वर्षं जगली होती. तिची लुगडी फाडून केलेली मऊ दुपटी ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपून ठेवलेली होती. त्या म्हातारीचं आयुष्य लागावं म्हणून घरातल्या प्रत्येक बाळाला आधी तीच गुंडाळायची.

भूषण वाचला, पण त्याला ऐकू येत नाही आणि हातपाय त्याच्या ताब्यात नाहीत. हात धरायला जातो तो भलतीकडेच वळतो. त्याला समजतं मात्र सगळं. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं की डोळ्यांनी बरोबर उत्तर देतो. तो दीड वर्षाचा झाला तेव्हा रूपाच्या सासरचे पाच-सात जण धुळ्याहून आले आणि कमलबाईच्या ओट्यावर बैठक बसली. मुलीच्या घराण्यातच खोड आहे, ती लपवून लग्न लावलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही शेजारी. पोर जन्मलं तवय कसं व्हतं?”

“मला नीट आठवत नाही,” मी म्हणालो.

रूपा माहेरीच राहिली. नवऱ्याने वर्षभरात दुसरी केली.

दिपमाला तेव्हा चौदा वर्षांची होती. भाच्याला मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर यायची आणि विचारायची, “नाना, याच्या आत काय बिघडलंय?” मी धुळ्याच्या जुन्या बाजारातून शरीरशास्त्राचं एक पुस्तक आणून दिलं. मला तेवढंच जमलं. ते पुस्तक तिने पार फाटेपर्यंत वाचलं. रूपाची बहीण म्हणून तिला स्थळं येईनात, आणि स्थळं येईनात म्हणून कुणी तिचं शिक्षण थांबवण्याची घाई केली नाही. दोंडाईच्याहून गाडीने जळगावला गेली, तिथे एम. एस्सी. झाली, मग बंगलोर. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून बाळाच्या मेंदूभोवती जो बंदोबस्त असतो, त्याच्यावर ती संशोधन करू लागली.

गावात त्याची चेष्टा व्हायची. कमलबाई स्वतःच आमच्या अहिराणीत म्हणायची, “मनी पोर बंगलोरले उंदरीसनं बाळंतपण करस, नाना. आनि आठे, गावमा, बहीणनं कोणी करानं?”

उंदरांचं ते काम किती चिवट आहे, हे मला तिच्या पत्रांतून कळत होतं. पहिली दोन वर्षं फुकट गेली. नंतरचा निबंध तीन ठिकाणांहून परत आला. विषय बदल, असं तिच्या वरिष्ठांनी सुचवलं, पण तिने ऐकलं नाही. संक्रांतीच्या पत्रात तिने लिहिलं होतं:

‘तुम्ही दिलेल्या पुस्तकात होतं की नवजात बाळाच्या मेंदूची भिंत कच्ची असते, रक्तातलं काहीही आत झिरपतं. मी ते पाठ केलं होतं. सहा वर्षं मी एक दिवसाच्या, दोन दिवसांच्या पिल्लांच्या रक्तात रंग सोडला आणि तो मेंदूत कुठे जातो ते पाहिलं. तो आत गेलाच नाही. दुसऱ्या देशांतही काही जणांना हेच दिसलं आहे. भिंत जन्माआधीच उभी असते, नाना. बाळ कमकुवत म्हणून येत नाही. पण काविळीचं पिवळं द्रव्य त्या रंगासारखं नसतं. ते तेलकट, ते पेशींतूनच पार होतं. मोठ्या माणसाच्या भिंतीत त्याला परत बाहेर फेकणारे पंप भरपूर असतात, बाळाच्या भिंतीत अजून थोडे. पिवळेपणा फार वाढला की ते पुरे पडत नाहीत, आणि मेंदूतला कान आणि हालचाली सांभाळणारा भाग कायमचा दुखावतो. ते पंप कधी आणि कशाने वाढतात, एवढंच मी शोधते. माझं आयुष्य त्यात जाईल असं दिसतं.’

मग तिने दोन गोष्टी मागितल्या होत्या.

‘पहिली जुनी आहे. भूषणच्या पाचवीच्या दिवशी तुम्ही दाराशी येऊन त्याला पाहिलं होतं, असं रूपाताई सांगते. बाहेरच्या माणसांपैकी त्या दिवसांत त्याला पाहिलेले तुम्ही एकटेच. तो पिवळा होता का? कुठपर्यंत? अंगावर काय होतं? हे संशोधनासाठी नको आहे, एका बाळावरून संशोधन होत नाही. रूपाताई अजून मानते की ग्रहणात तिने भेंडी चिरली म्हणून असं झालं. सतरा वर्षं ती कुणाच्या बारशाला गेलेली नाही.

‘दुसरी पुढची आहे. भूषणचं रक्त मी तपासून घेतलं. तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य त्याच्यात कमी आहे. हे आईकडून रूपाताईकडे आलं, माझ्याकडेही आलं आहे. पुनममध्ये असण्याची शक्यता निम्मी. हा काही मोठा रोग नाही. काही औषधं आणि डांबरगोळ्या टाळल्या की माणूस म्हातारा होईपर्यंत सुखाने जगतो. पण असं बाळ डांबरगोळ्यांत मुरलेल्या कापडात गुंडाळलं तर त्याच्या पेशी फुटतात आणि कावीळ भडकते. अंधाऱ्या खोलीत ती कुणाला दिसत नाही. रक्तातल्या उणिवेचं नाव काढताच आईने पुढचं काही न ऐकता माझ्याशी बोलणंच टाकलं. पुनमला सांगितलं तर ती रडली आणि म्हणाली, सासरी कळलं तर मलाही परत पाठवतील. पुनमची तारीख एप्रिलची आहे. मी आठ दिवस आधी येतेच. पण बाळं तारीख पाळत नाहीत. तुम्ही शेजारी आहात. आई तुमचा मान ठेवते. बाळाला रोज उजेडात आणून बघा, एवढं तुम्ही तिला सांगाल का?’

कमलबाईचं न बोलणं मला समजत होतं. पुनमचं लग्न अमळनेरला झालं होतं, चांगलं घर. लग्न ठरताना रूपाचा नवरा कामासाठी सुरतेला असतो असं सांगितलं होतं. भूषणचं तर नावच काढलं नव्हतं. पुनमच्या सासरचे आले की कमलबाई सकाळीच माझ्याकडे यायची. “नाना, आज भर रूपाले नि भूषणले तुमना घर बसू द्या.” मी मान हलवायचो. मुलीला पाहायला आले तेव्हा, साखरपुड्याला, लग्नाच्या दिवशी, डोहाळजेवणाला, असं चार वेळा मी त्या दोघांना माझ्या मागच्या खोलीत बसवलं. शिकलेल्या माणसाने रोजच्या कारभारात एवढा हातभार लावला की रूढीला आणखी कुणाची गरज राहत नाही.

तर पत्राचं उत्तर का दिलं नाही, हे आता सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं.

पुनमचं बाळ तारखेच्या तीन आठवडे आधी, मार्चमध्ये आलं. मुलगा. दोंडाईच्याच्या दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झालं आणि तिसऱ्या दिवशी मायलेकरं घरी आली. दिपमाला तेव्हा परदेशात एका परिषदेला गेली होती. तिला कुणी कळवलं नाही. पुनमचा मोबाईल कमलबाईने काढून घेतला, बाळंतिणीच्या डोळ्यांना त्याचा उजेड बाधतो म्हणून. दोन्ही कान फडक्याने बांधले. खिडकीत गोणपाट गेलं. रिक्षातून उतरल्यावर बाळ कशात गुंडाळलं होतं ते मी माझ्या ओट्यावरून पाहिलं. पिवळसर पांढरं, जुनं, मऊ कापड. वास मला इतक्या लांब येणं शक्य नव्हतं, तरी आला.

मी आत जाऊन खुर्चीत बसलो. उठलो. पुन्हा बसलो. उद्या सांगू, असं ठरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी मृणाली आली. ती आमच्या गावची आशा कार्यकर्ती, बौद्धवाड्यात राहते, माझी विद्यार्थिनी. खांद्याला पिशवी, तिच्यात वजनाचा झोका. कमलबाई दारातच उभी राहिली.

“अक्का, बाळाला जरा उजेडात आणता का? वजन करते आणि बघते फक्त.”

“सोयर शे माय. बारा दिन व्हऊ दे, मंग वजन कर, माप कर, काय करानं ते कर.”

“बारा दिवसांनी माझं काय काम? आत्ताच बघायचं असतं. दूध ओढतो का नीट?”

“पेस, झोपस. लई गरीब पोर शे, रडत बी नई.”

मृणालीचा चेहरा बदलला. “रडत नाही? अक्का, मला आत येऊ द्या. हात साबणाने धुते.”

“बाहेरथून सांग ना, काय सांगानं ते.”

त्याच सकाळी बांगड्या भरणारी बाई खोलीत जाऊन पुनमच्या हातात काकणं चढवून आली होती. तिला सोयर आडवं आलं नव्हतं. मृणालीला ते ठाऊक होतं, मलाही. तिने ओट्यावर बसून वहीत काहीतरी लिहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “सर, तुम्ही तरी सांगा ना यांना.”

मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. कमलबाई म्हणाली, “सरले काय इचारस? सर पुस्तक वाचतस, बाळंतपण करत नईत.” ती हसली. मीही हसलो. मृणाली हसली नाही. “उद्या परत येते,” एवढं म्हणून गेली.

त्या दिवशी मी सात वेळा चप्पल घातली आणि सात वेळा काढली.

दुसऱ्या दिवशी पाचवी होती. सकाळीच कमलबाई रूपाला आणि भूषणला माझ्याकडे सोडून गेली. अमळनेरहून पुनमची सासू इंदिराबाई येणार होती, सोबत चार-पाच बायका. दुपारी गाडी आली. शेजारी भांड्यांचा आवाज, हसणं, कुणीतरी म्हणत होतं, “नातू बापवर गया का मायवर ते तरी दखू द्या!” कमलबाई उत्तर देत होती, “पूजा व्हऊ द्या, मंग दखा. पळी जातस का तो?”

भूषणला मी पक्ष्यांचं पुस्तक दाखवत होतो. रूपा दाराला टेकून बसली होती. एवढ्यात भिंतीपलीकडून बाळाचं रडणं आलं. बारीक, टोकदार, मध्येच तुटणारं. दोन-तीन वेळा आलं आणि थांबलं.

रूपा ताठ झाली. “नाना, आयकं का?”

मी पुस्तकाचं पान उलटलं.

“हाई रडनं भूकनं नई. भूषण असाच रडे. पाचवे दिनले असाच रडे, आनि मंग रडनंच बंद व्हयनं.” ती उठली. “तुम्ही जाईसन सांगतस का?”

मला बोलायचं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “आत बायका आहेत.”

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग भूषणच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. तो तिच्यापेक्षा उंच आहे. त्याचा एक हात हवेत फिरत होता, पाय वेडेवाकडे पडत होते. सतरा वर्षांत पहिल्यांदा ती पाहुण्यांसमोर त्याला घेऊन पुढच्या दाराने निघाली. मी मागून अनवाणीच गेलो.

ओट्यावर मृणाली बसलेली होती. कबूल केल्याप्रमाणे आली होती आणि कबूल केल्याप्रमाणे तिला बाहेर बसवलं होतं. आत घरात बायकांनी माना वळवल्या.

“रूपा!” कमलबाई म्हणाली. “तुले काय सांगेल व्हतं?”

इंदिराबाई पाटावरून उठली. धिप्पाड बाई, आवाज करडा. “हाऊ कोना पोर शे वं?”

“मना.”

“तुना? तुले तं पोरबाळ नई, असं सांगं व्हतं आम्हले.”

“शे. सतरा वरीसना शे. त्याले आयकू येत नई, हातपाय त्याना कह्यामा नईत, पण समजस बठ्ठं. आनि मना घरवाला कामले सुरतले नई. हाऊ पोर असा व्हयना म्हणीसन त्यानी माले टाकी दिधं.”

“चूप बस!” कमलबाईचा आवाज फाटला. “पुनमनं घर मोडशी का तू?”

“घरनं मंग दखसुत, माय. पोरले आते दखा.”

इंदिराबाईने कमलबाईकडे पाहिलं, भूषणकडे पाहिलं. मग तिची नजर उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माझ्यावर आली. “सर, तुम्ही शिकेल माणूस. खरं काय शे ते सांगा.”

हाच प्रश्न, याच घरात, मला आधी एकदा विचारला गेला होता.

“मी भूषणच्या पाचवीला इथेच उभा होतो,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “कमलबाईंनी त्याला दाराशी आणलं. दुपट्यातून पाय बाहेर आला होता. तळपाय हळदीसारखा पिवळा. असं पिवळं झालेलं बाळ लगेच दवाखान्यात न्यायचं असतं, हे मी वाचलेलं होतं. माझ्या लक्षात आलं होतं. मी धड बोललो नाही. जन्मला तेव्हा तो चांगला होता. रक्तात एक लहानशी उणीव आहे यांच्या घरात, ती खरी आहे. पण तिने मूल असं होत नाही. त्या ट्रंकेतल्या गोळ्यांच्या वासाने कावीळ वाढते आणि अंधारात ती दिसत नाही. आत्ता त्या बाळाला उन्हात आणा. पूजा नंतर.”

कुणी हललं नाही. मला वाटलं, झालं, नेहमीप्रमाणे माझं बोलणं हवेत गेलं.

तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं. पुनम उभी होती, कान बांधलेली, चेहरा सुजलेला. बाळ छातीशी. “माय, हाऊ सकाळफाईन दूधच ओढत नई,” ती म्हणाली, “मी तुले दोन वखत सांगं.” कमलबाई तिला अडवायला पुढे झाली, पण पुनम तिला वळसा घालून, पूजेचा पाट ओलांडून सरळ ओट्यावर आली आणि तिने बाळ मृणालीच्या हातात दिलं.

मार्चचं ऊन ओट्यावर भरून होतं. मृणालीने ते जुनं दुपटं सोडून बाजूला टाकलं आणि आपली ओढणी बाळाखाली घेतली. त्याच्या कपाळावर बोट दाबून उचललं, मग छातीवर, मग पायावर. जिथे दाबेल तिथे पिवळं. तळपायाला नुसतं धरलं, दाबायची गरजच नव्हती.

“गाडी कुणाची आहे?” ती उभी राहत म्हणाली. “आधी दोंडाईचा, तिथून धुळ्याला पाठवतील. पुनम, तू चल. दूध पाजत राहायचं.”

“आमनी शे,” इंदिराबाई म्हणाली. तिने पायात चपला घालताना ओरडून ड्रायव्हरला उठवलं. पूजेची ताटं तशीच राहिली, सोबतच्या बायका एस.टी.साठी फाट्याकडे निघाल्या. मृणाली पुनमला आणि बाळाला घेऊन गाडीत बसली.

गाडी गेल्यावर ओट्यावर आम्ही चौघं उरलो. कमलबाई ते दुपटं हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, “म्हणजे हाई मी करं? मना हातथून? मना सासूनं आयुष्य लागो म्हणीसन मी...”

रूपा तिच्याशेजारी बसली.

“तुले कोणी सांगंच नई, माय,” ती म्हणाली. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

धुळ्याच्या दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. रात्रीतून एकदा त्याचं रक्त बदलावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा काचेपलीकडे तो डोळ्यांवर पट्टी बांधून हातपाय झाडत होता, आणि त्याचं रडणं भरदार झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, पण कान आणि हालचाली अजून काही महिने तपासत राहू. रक्तात भूषणसारखीच उणीव निघाली. ते त्यांनी इंदिराबाईसमोरच सांगितलं. पुनमने डोळे मिटून घेतले.

इंदिराबाई बाहेर बाकावर येऊन माझ्याशेजारी बसली.

“सर,” ती म्हणाली, “मना बी पहिला पोर सातवे दिन गया. पिवळा व्हता, हळद लायेल सारखा. आमना घर बी तशीच खोली व्हती. सासू म्हणे, सटवीनी नेला. मी तीस वरीस सटवीले शिव्या दिध्यात.” तिने पदराने तोंड पुसलं. “तवय आमना शेजारले तुमनासारखा कोणी मास्तर नई व्हता.”

ती मला चांगलं म्हणत होती. मला खाली पाहावं लागलं.

“पुनमचं काय?” मी विचारलं.

“पुनमनं काय? सव्वा महिना व्हयना का घर लई जासू. रक्तमा खोड शे म्हणे! मना घरना रक्तमा काय काय शे, ते कोणी मोजेल शे का?” मग म्हणाली, “कमलबाई खोटं बोलनी, तेनं माले लागनं. ते मी तिले सांगसू. पण ते आमनं दोघीसनं शे.”

दिपमाला त्याच आठवड्यात आली. दोन दिवस दवाखान्यात बसून होती, मग गावी आली. मायलेकींमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही. निघायच्या आधी ती माझ्या ओट्यावर आली. मी चहा केला. तिने केस कापले होते, डोळ्यांखाली काळं होतं. पंपांविषयी बोलली, नव्या पिल्लांविषयी बोलली. तिने पत्राचा विषय काढला नाही. मी पाचवीच्या दिवशी काय बोललो ते तिला इतरांनी सांगितलं असणारच. तरी तिने विचारलं नाही, कारण तिने मला लिहून विचारलं होतं आणि मी लिहून उत्तर द्यायचं होतं. ती गेल्यावर कप तसाच ठेवून मी कागद घेतला.

या वेळी फाडलं नाही. लिहिलं की पाचव्या दिवशी तो पायांपर्यंत पिवळा होता. अंगावर ट्रंकेतलं लुगडं होतं, त्याचा वास मला उंबऱ्यावर आला होता. मला कळलं होतं. मी ‘दवाखान्यात दाखवलं तर...’ इतकंच पुटपुटलो, आणि तुझी आई म्हणाली, ‘बारा दिन व्हऊ द्या, नाना,’ आणि मी घरी येऊन पुस्तक उघडलं. कोणतं पुस्तक होतं तेही आठवतं. बैठकीत मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तुला दिलेलं शरीरशास्त्राचं पुस्तक हे त्याचं प्रायश्चित्त होतं असं मी स्वतःला सांगत आलो. प्रायश्चित्त ज्याचं करायचं त्याला ते माहीत असावं लागतं, म्हणून हे लिहिलं.

शेवटी लिहिलं की मृणालीला दर गुरुवारी गावातल्या गरोदर बायकांना सगळं समजावून सांगायचं आहे, आणि फळ्यावर चित्र काढायला कुणीतरी हवं आहे. मी येतो म्हटलं आहे. ती म्हणाली, “सर, बोलायचंही आहे.” मी बरं म्हटलं आहे.

पाकीट चिकटवण्याआधी वाटलं, हे दिपमालाच्या आधी रूपाचं आहे. तिला बोलावलं आणि वाचून दाखवलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

“म्हणजे भेंडीनं नई,” ती म्हणाली.

“भेंडीने काही होत नाही, रूपा.”

“तुम्हले तवयच माहीत व्हतं.”

“हो.”

ती उठली. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल, मी ऐकायला तयार होतो. ती दारापर्यंत गेली आणि पाठ फिरवूनच म्हणाली, “टपालमा टाका. दिपाले कळू द्या.”

त्यानंतर आजपर्यंत ती माझ्या ओट्यावर आलेली नाही. भूषण येतो, एकटा, भिंतीला धरत.

पाकिटावर पुरेशी तिकिटं लावून मी दोंडाईच्याला गेलो, कारण आमच्या गावच्या पेटीवर माझा भरवसा नव्हता, किंवा माझाच माझ्यावर नव्हता. टपाल कार्यालयाच्या बाहेरच्या पेटीपाशी दोघं-तिघं उभे होते. ते जाईपर्यंत मी थांबलो नाही. पाकीट आत टाकलं आणि ते तळाला पडल्याचा आवाज ऐकून परत निघालो.